तिसाव्या खणातली सळई

मी एक जुने लाकडी कपाट आहे, मित्रांनो. पुस्तके ठेवायचे नव्हे, पुस्तकांची कार्डे ठेवायचे. मला तीस खण आहेत, सहा-सहाच्या पाच ओळींत. तुम्ही वाचनालयात येता, माझ्या शेजारून पाणी प्यायला जाता आणि जाता जाता माझ्या अंगावरची पाटी वाचता : ‘कृपया हात लावू नये’. तुम्ही शहाणी मुले आहात, हात लावत नाही. मी आज तुम्हाला माझी हकीकत सांगणार आहे ती एवढ्यासाठीच, की तुमच्यातल्या एकाने तरी थोडे कमी शहाणे व्हावे.

मला ज्या सुताराने घडवले तो मोठा कटकट्या होता. एखादा खण ओढताना जरा कुरकुरला, की तो पुन्हा रंधा घेऊन बसे. "खण असा सरकला पाहिजे, की उघडला हे खणालाही कळू नये," असे तो म्हणायचा. ते मात्र त्याला साधले नाही. माझा कोणताही खण केसभर सरकला तरी मला कळते. हे लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम पडणार आहे.

दोन खणांच्या मध्ये त्याने पातळ फळ्या घातल्या आणि प्रत्येक खणात एक लांब सळई बसवली. कार्डांना खालच्या बाजूला एक भोक असते. सळई सगळ्या कार्डांतून आरपार घालायची आणि पुढून तिची पितळी गुंडी पिळून घट्ट करायची. मग कार्डे चाळता येतात, वाचता येतात. पण बाहेर काढता येत नाहीत आणि मधे नवे घालताही येत नाही. मला त्या सळयांचा फार अभिमान होता. ज्याची जागा जिथे, तो तिथे. एवढी शिस्त असली की जगाचे सगळे ठीक चालेल, असे मला तेव्हा वाटत असे.

मी याच वाचनालयात आले. तेव्हा संगणक नव्हते. कोणते पुस्तक कुठल्या फडताळात आहे हे पाहायला लहानथोर सगळे माझ्याकडे येत. माझ्याशिवाय इथले पान हलत नव्हते म्हणा ना. माझी देखभाल करायला एक तरुण मुलगी नोकरीला लागली. तिला घरी एक धाकटी बहीण होती, म्हणून आपण हिला थोरली म्हणू. थोरली माझी कार्डे लिहायची, वर्णानुक्रमाने लावायची आणि पुस्तक नेणाऱ्याला परतीच्या तारखेचा शिक्का मारून द्यायची. मुदत पंधरा दिवसांची. तिचा शिक्का कधी तिरपा पडला नाही. उशीर करणाऱ्याला ती चष्म्यावरून अशी पाही, की मोठमोठे बाप्ये खाली मान घालत.

धाकटी अगदी उलटी. ती पुस्तकात बोट घालून जेवायची आणि तारीख विसरायची. एकदा तिने एक जाडजूड पुस्तक नेले, निळ्या कापडी बांधणीचे. वर्णानुक्रमात ते अगदी शेवटी यायचे, म्हणून त्याचे कार्ड माझ्या तिसाव्या खणात होते. त्याच्या परतीच्या तारखेला थोरली दुपारची जेवायला घरी गेली. तिथे काय झाले ते तिने पुढे मला इतक्या वेळा ऐकवले, की मी तिथे हजर होते असेच मला वाटते.

"आज तारीख आहे तुझ्या पुस्तकाची," थोरली म्हणाली.

"दोनच प्रकरणं राहिलीत गं ताई. उद्या देते की."

"वाचनालयात मी बसते आणि माझ्याच घरातलं पुस्तक उशिरा? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. चारच्या आत आणून दे, नाहीतर मला तोंड दाखवू नकोस."

असे बोलून थोरली कामावर परतली. नंतर धाकटी पुस्तक काखेत मारून निघाली. त्यांचे घर पहिल्या मजल्यावर होते, बावीस पायऱ्या. आई आतल्या खोलीत पडली होती. तिने पावले शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीवाल्याने मान वर करून धाकटीला पाहिले, ती हसलीही. कोपऱ्याच्या पुढे तिला कोणीच पाहिले नाही. घरापासून इथवर दहा मिनिटांची वाट आहे, मित्रांनो. चार वाजले तेव्हा थोरलीने दाराकडे पाहिले होते. मीही पाहिले होते. पुस्तकही आले नाही आणि धाकटीही आली नाही.

शोधाशोध झाली, चौकशा झाल्या, आणि हळूहळू त्या थांबल्याही. पण वाचनालयाचा एक नियम होता. मुदत संपून तीन महिने झाले आणि कोणी वाढवून घेतली नाही, तर ते पुस्तक ‘गहाळ’ म्हणून लिहायचे, माझी सळई काढायची आणि त्याचे कार्ड फाडून टाकायचे. थोरलीने ते होऊ दिले नाही. दर पंधरा दिवसांनी ती तिसावा खण उघडायची आणि त्या कार्डावर पुढची तारीख मारायची.

वर्षभराने ग्रंथपालांनी ते पाहिले. "बाई, आता गहाळ लिहून टाका," ते हळू आवाजात म्हणाले.

"मुदत वाढवलीय, सर."

"कोणी येऊन वाढवली?"

"मीच."

ग्रंथपालांनी खण हळूच मिटला. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे कळण्याइतके ते भले होते.

शिक्के मारून मारून ते कार्ड भरले. मग थोरलीने एक कोरे कार्ड घेतले, तारीख मारली, आणि तारखेखालची मोकळी जागा तिला बघवेना म्हणून एक ओळ लिहिली : ‘ती कोपऱ्यावरून वळली आहे. पुस्तक काखेतच आहे.’ पंधरा दिवसांनी दुसरे कार्ड आणि दुसरी ओळ. मित्रांनो, तुमच्या पाठ्यपुस्तकात लेखकांची माहिती येते ना, बालपणापासून लिहायची आवड वगैरे? थोरलीला तशी काही आवड नव्हती. तिची सुरुवात ही अशी झाली.

हळूहळू एकेका ओळीचे परिच्छेद झाले. धाकटी रस्त्याने चालते, मधेच एखाद्या दुकानात शिरते, कोणाच्या तरी गच्चीवर बसून ती दोन प्रकरणे वाचते, वाट चुकते, पुन्हा वाटेला लागते. हा मजकूर एका मासिकाने छापला. त्याला ना सुरुवात होती, ना शेवट. वाचकांची पत्रे आली. निम्मी म्हणत होती की असे काही वाचले नव्हते, आणि निम्मी म्हणत होती की छापखान्यात पाने हरवली वाटते. त्यानंतर थोरलीने आणखी चमत्कारिक गोष्टी केल्या. शंभर पुस्तकांच्या तारखेच्या चिठ्ठ्यांवर तिने एका कथेची एकेक ओळ लिहून ठेवली. ती सगळी शंभर पुस्तके जो वाचेल त्यालाच कथा कळेल. एक कथा तर म्हणजे घरापासून वाचनालयापर्यंतच्या दुकानांची नुसती यादी होती, पण शेवटच्या दुकानापाशी पोहोचेपर्यंत वाचणारा मान वर करून दाराकडे पाहू लागे.

एका सभेत कोणीतरी तिला विचारले, "बाई, तुमच्या गोष्टीला शेवट का नसतो?"

"मला शेवट करता येत नाही. तेवढीच माझी शैली," ती म्हणाली. लोकांना तो विनोद वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या एकाने विचारले, की ही धाकटी नेमकी कशाचे प्रतीक आहे. "धाकटी माझी बहीण आहे," असे ती म्हणाली, तर त्यालाही टाळ्या पडल्या.

मग वाचनालयात संगणक आले. एका सकाळी माझ्या सळया उपसून जुनी कार्डे पोत्यात भरली गेली आणि मला जिन्याखाली ढकलून दिले. काम होते तोवर सगळे माझ्या भोवती होते. गरज सरो, वैद्य मरो. थोरलीने मला मागून घेतले, पोतीही घेतली, आणि हमालांकडून त्या बावीस पायऱ्या चढवून मला तिच्या घरात आणले. खिडकीशेजारी माझी जागा झाली. आल्याबरोबर तिने माझ्या तीसही सळयांची मोळी बांधली आणि माळ्यावर फेकली.

मला फार वाईट वाटले. सळईशिवाय कपाट म्हणजे काय, मित्रांनो? जुन्या कार्डांच्या कोऱ्या पाठीवर ती आता लिहू लागली, आणि लिहिलेले कुठल्याही खणात टाकू लागली. रोज दुपारी चारच्या सुटीत घरी येऊन ती डोळे मिटून प्रत्येक खणातून एक कार्ड काढायची आणि मोठ्याने वाचायची, मग सगळी कार्डे पत्त्यांसारखी पिसून दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा खणांत भरायची. तीस कार्डांची ती त्या दिवसाची कादंबरी. दुसऱ्या दिवशी तीच माणसे, तेच रस्ते, आणि कादंबरी निराळी. पण एक सवय तिने सोडली नाही. लिहिलेल्या प्रत्येक कार्डावर परतीची तारीख असायची, पंधरा दिवस पुढची. शिक्का मारल्याशिवाय तिने माझ्यात एकही कार्ड कधी टाकले नाही. आणि एक गोष्ट ती जाणूनबुजून लिहीत नसे. धाकटीला तिने सगळीकडे फिरवले, पण आपल्या इमारतीत आणले नाही. इमारत आली की जिना येतो, जिना आला की दार येते, आणि दार उघडल्यावर बाहेर कोणी नसले तर?

एका दुपारी असेच वाचता वाचता तिसाव्या खणातून एक कार्ड निघाले. त्यावर फक्त एवढेच होते : ‘पहिली पायरी.’

थोरली थांबली. अक्षर तिचेच होते. पण शिक्का नव्हता. तिने कार्ड उलटसुलट केले, खिडकीपाशी नेऊन धरले. "मीच लिहिलं असेल," ती म्हणाली. मी तिला सांगू शकत नव्हते. आदल्या दुपारी तिने तिसावा खण भरून बंद केला, त्यानंतर तो उघडलेला नव्हता. केसभरही नाही. मला कळले असते.

आतून आईने विचारले, "कोण आलं गं?"

"कोणी नाही, आई."

"मग जिन्यात कोण आहे?"

थोरली दार उघडून बाहेर गेली. भर दुपारी जिन्यात ऊन पडले होते. सगळ्यात खालच्या पायरीवरची धूळ पुसली गेली होती. एक माणूस उभा राहील एवढीच. वरच्या पायऱ्यांवर धूळ तशीच होती. थोरली आत आली, दार लावले, पण कडी घातली नाही. त्या दिवसापासून त्या घराला कडी लागली नाही.

काही महिन्यांनी दुसरे कार्ड आले. ‘दुसरी पायरी. कठडा गार आहे.’ मग तिसरे, चौथे. ‘पाचवी पायरी. इथला टवका अजून तसाच आहे की.’ कधी दोन कार्डांत वर्ष जायचे, कधी महिना. खण बंद असायचा आणि आतल्या आत एक कार्ड वाढायचे. ते वाढताना माझ्या लाकडाला एक बारीक झिणझिणी यायची, तुमचा पाय अवघडल्यावर येते तशी. आधी मला भीती वाटे. कपाटाला कसली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण तुमच्या स्वतःच्या पोटात कोणी जिना चढत असेल तर तुम्हाला कसे वाटेल ते सांगा. दहाव्या कार्डावर लिहिले होते : ‘दहावी पायरी. दम लागतो आता.’ थोरलीने ते वाचले आणि ती हसली, मग तिच्या डोळ्यांना पाणी आले. "म्हातारी झाली की गं माझी बाय," ती म्हणाली. तिचे स्वतःचे केस तोवर पांढरे झाले होते. आई त्या वर्षीच गेली.

याच सुमारास एका धाडसी प्रकाशकाने थोरलीचे पुस्तक काढले. तीनशे सुटी कार्डे आणि ती ठेवायला एक पेटी. पिसा आणि वाचा. दुकानदारांनी पेट्या उघडल्या आणि ‘बांधणी राहून गेली आहे’ अशी चिठ्ठी लावून परत पाठवल्या. तरी जी थोडी माणसे वाचायला बसली ती वेडी झाली. थोरलीला मोठा पुरस्कार मिळाला. छायाचित्रकार घरी आले; एका छायाचित्रात तिच्या खांद्यामागे माझे सात खण दिसतात. मी ते कधी विसरले नाही.

वाचनालयानेही एक पेटी घेतली. तिथे एक बाइंडर काका होते, सरळ मनाचे आणि हाताला चांगले. सुटी कार्डे पाहून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी आपल्या मनाने ती तीनशे कार्डे नीट लावली, टोचणीने भोके पाडून दुहेरी दोऱ्याने शिवली आणि वर कापडी पुठ्ठा चढवला. उत्तम काम केले.

आणि माझ्यात कार्डे येणे थांबले. एक वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली. थोरली चार वाजता तिसावा खण उघडायची आणि तसाच मिटायची. एके दिवशी वाचनालयात फडताळ लावताना तो बांधलेला ग्रंथ तिच्या हाती लागला. शेवटच्या पानावर धाकटी घड्याळदुरुस्तीच्या दुकानापाशी उभी होती. तिथेच उभी, आता कायमची. थोरलीने टेबलावरचे पाते उचलले आणि सगळ्यांच्या देखत टाके उसवायला सुरुवात केली.

बाइंडर काका धावत आले. "अहो बाई, काय करताय हे! मी चांगल्या मनानं बांधून दिलं होतं."

"माहीत आहे, काका. म्हणून तर मला तुमच्यावर ओरडता येत नाही," ती म्हणाली आणि शेवटचा टाका तोडला.

वाचनालयातली बाईच पुस्तक फाडते म्हटल्यावर नोकरी राहणे शक्य नव्हते. तिने राजीनामा लिहून दिला आणि घरी येताना, रोज पिशवीतून ने-आण करायची तो तारखेचा शिक्का तेवढा कायमचा मागून आणला. त्याच आठवड्यात माझ्या लाकडाला झिणझिणी आली. थोरलीने खण उघडून कार्ड वाचले. ‘अकरावी पायरी. मधे कुणी अडवलं होतं गं?’

तेव्हा थोरलीला कळले आणि मलाही कळले. कार्डे सुटी असतील तोवरच धाकटीला चालता येते. शिवली की ती थांबते.

यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती, जरी बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. लोक थोरलीला विसरले. नव्या लेखकांची नवी कौतुके सुरू झाली. आधी विद्यार्थी यायचे, मग तेही यायचे थांबले. पावसाळ्यात माझे खण फुगत, पॉलिश उडाले, एका खणाची मूठ निखळली ती सुतळीने बांधली. पण रोज चार वाजता माझे तीसही खण उघडत होते. तेरावी पायरी, चौदावी पायरी. थोरली आता एकटी राहत नव्हती; तिच्याकडे जिन्यातून कोणीतरी येत होते, इतकेच.

थोरलीला वेगळे बिऱ्हाड केलेला एक भाऊ होता; त्याची मुलगी, तिची भाची, दर रविवारी यायची. भाजी आणायची, औषधांचे डबे लावायची, आत्याच्या केसांना तेल लावायची. ती एका कचेरीत फायली सांभाळायची आणि त्यात इतकी पटाईत होती, की तिच्याशिवाय तिथे एक कागद सापडत नसे. पोरीचा आत्यावर फार जीव होता. एवढे मी सुरुवातीलाच सांगते, म्हणजे तुम्ही पुढे तिला नावे ठेवणार नाही.

"आत्या, हे सगळं एकदा नीट लावू या का गं? कोणी तुझ्यावर अभ्यास करायला आलं तर त्याला काय सापडणार यात?"

"ज्याला शोधायचंय त्याला सापडतं. तू नको हात लावूस."

"बरं बाई," भाची म्हणे आणि फडक्याने माझी धूळ पुसे.

एकविसावे कार्ड आले तेव्हा थोरली अंथरुणाला खिळली होती. भाचीने ते तिला काढून दिले. ‘एकविसावी पायरी. दार दिसतंय.’ थोरलीने ते छातीवर ठेवले. तिचा श्वास नीट चालत नव्हता, पण तोंडावर असे हसू होते, की मला वाटले आता चारच दिवस, फार तर आठ. दुसऱ्याच सकाळी तिला दवाखान्यात हलवावे लागले. जाताना भाचीने एकविसावे कार्ड पुन्हा तिसाव्या खणात ठेवले.

दवाखान्यातून आत्या घरी येईल तेव्हा तिला काहीतरी सुखाचे दिसावे, म्हणून भाचीने चार दिवसांची रजा काढली. ती माझ्यापुढे मांडी घालून बसली. हजारभर कार्डे तिने एकेक करून पाहिली आणि तारखेच्या शिक्क्यांप्रमाणे क्रमाने लावली. पहिल्या खणात सर्वांत जुनी, एकोणतिसाव्यात सर्वांत अलीकडची. ज्यांच्यावर शिक्का नव्हता अशी एकवीस निघाली. आत्या विसरली असेल, असे म्हणून तिने ती पायऱ्यांच्या क्रमाने लावून तिसाव्या खणात ठेवली. मग माळ्यावर तिला मोळी सापडली. तिने सळया तेल लावून पुसल्या, तीसच्या तीस आरपार घातल्या आणि गुंड्या पक्कडीने पिळून घट्ट केल्या.

आता मला एक कबुली द्यायची आहे, मित्रांनो. त्या दुपारी मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी माझ्यात सळया आल्या. सगळे जागच्या जागी. मला माझे तरुणपण आठवले, आणि मी तेवढ्यापुरते बाकी सगळे विसरले. चार वाजले तेव्हा तिसाव्या खणात नेहमीची झिणझिणी सुरू झाली, सळईपर्यंत आली आणि थांबली. तेव्हा मला आठवले. पण मी कपाट आहे. मला ओरडता येत नाही.

पुढचे मी भाचीच्या तोंडून ऐकले. ती दवाखान्यात गेली आणि म्हणाली, "आत्या, तुझं सगळं लावून ठेवलंय. अगदी क्रमानं. जुन्या सळयासुद्धा घातल्या."

थोरलीने तिचे मनगट धरले. मग म्हणाली, "सळया काढ."

"हो हो, काढते. तू आधी बरी हो."

"आज काढ. ती दारात उभी आहे."

आजारी माणसाला आपण ‘हो’ म्हणतो, तसे भाचीने ‘हो’ म्हटले आणि पांघरूण सारखे केले. थोरलीने पेन मागितले. कार्ड नव्हते, म्हणून औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर तिने दोन ओळी लिहिल्या, खाली स्वतःच्या हाताने तारीख घातली आणि चिठ्ठी भाचीला दिली. तारीख त्याच दिवसाची होती. त्याच दिवशी दुपारी चार वाजता थोरली गेली.

भाची घरी आली आणि माझ्या अंगाला डोके टेकून रडली. मग तिने डोळे पुसले, चिठ्ठीला खालच्या बाजूला भोक पाडले, एकोणतिसाव्या खणाची सळई मागे ओढून चिठ्ठी सगळ्यात शेवटी ओवली, कारण तारखेप्रमाणे ती तिथेच बसत होती. आणि गुंडी पुन्हा घट्ट केली. आत्याचे ते सळयांबद्दलचे बोलणे तापातले आहे, असे तिला वाटले. कोणालाही वाटले असते.

मला पुन्हा या वाचनालयात आणले गेले. थोरलीच्या नावाची पाटी लागली, हार घातला, भाषणे झाली. एक विद्वान म्हणाले, की आता कुठे तिच्या लेखनाचा खरा क्रम जगापुढे आला आहे. भाची पहिल्या रांगेत बसली होती आणि तिला बिचारीला धन्य वाटत होते. मग सगळे चहा पिऊन घरी गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. तुम्ही दुपारी इथे अभ्यासाला बसता तेव्हा चार वाजता कधी कधी मान वर करता, मी पाहिले आहे. एक जण म्हणतो, उंदीर असेल. दुसरी म्हणते, लाकूड उन्हाने तडकतं. तुम्ही पुन्हा वह्यांत डोके घालता. उंदीर नाही, मित्रांनो. माझ्या तिसाव्या खणात एक म्हातारी बाई दारापाशी उभी आहे आणि पाय बदलते आहे. तिला दारात आणणारे बाविसावे कार्ड सळईमुळे आत शिरत नाही.

एकोणतिसाव्या खणातल्या चिठ्ठीत काय लिहिले आहे ते भाचीने रडत रडत मोठ्याने वाचले होते, म्हणून मला ठाऊक आहे. ‘मी दार उघडायला उठले आहे. ताटकळू नकोस, आणि तोंड लपवू नकोस.’ त्या बाजूनेही चार वाजता आवाज येतो. कोणीतरी चाचपडत कडी शोधते. त्या दाराला कडी लावलेलीच नव्हती, हे ती विसरली असावी.

एक या बाजूला, एक त्या बाजूला. मधे फक्त माझी फळी आहे, तुमच्या लिहायच्या पाटीपेक्षा पातळ. त्या सुताराने किती मन लावून बसवली होती ती! मी आयुष्यभर जिचा तोरा मिरवला, तीच ही माझी शिस्त.

म्हणून माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. दुसऱ्याचे काही आवरायला जाल तेव्हा त्याला आधी विचारा, आणि तो ‘नको’ म्हणाला तर ते ऐका, मग तुमचा त्याच्यावर कितीही जीव असो. वाचनालयाचे पुस्तक वेळेवर परत करा. नाही जमले तर उशिरा करा, पण कराच. आणि कोणी उशीर करून आले तर त्याला घालूनपाडून बोलू नका. थोरलीचे एक वाक्य घरातून निघाले ते तिला चाळीस वर्षे परत घेता आले नाही.

आणि एवढे सगळे जमणार नसेल तर एकच करा. पाटीकडे लक्ष देऊ नका. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या दोन गुंड्या डावीकडे पिळा. जड जातील, पक्कडीने आवळल्या आहेत. सळया ओढून काढा, दोन्ही खणांतली कार्डे टेबलावर घ्या आणि एकत्र पिसा. वाचली नाहीत तरी चालेल. चारच्या आधी करा.

आता फार दिवस उरले नाहीत असे मला वाटते. काल दुपारी तिसाव्या खणात मला नेहमीचा आवाज आला नाही. त्याऐवजी काहीतरी जड, कापडी बांधणीचे, पायरीवर ठेवल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत तिने ते पुस्तक कधी खाली ठेवले नव्हते. दार वाजवायला हात मोकळा लागतो, मित्रांनो.